लांबच्या पावसाची तयारी

पुण्याच्या पश्चिमेस मुळशी तालुक्यात ज्या माण गावाच्या जमिनी औद्योगिक विकास महामंडळाने संगणक-उद्योगासाठी संपादन केल्या, ज्याच्या शिवारात एके काळी पिके डोलत आणि आज राजीव गांधी इन्फोटेक पार्कच्या दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यांच्या काचेच्या इमारती झळकतात, आणि शिवाजीनगरकडे जाणाऱ्या सुमारे २३ किलोमीटर लांबीच्या मेट्रोमार्गाचे आगार ज्याच्या हद्दीत बांधले गेले, त्या गावात व त्याच्या भोवतालच्या गृहसंकुलांत एखाद्याचे आईवडील अमेरिकेस निघाले ही वार्ता आता उद्वाहकातून खाली उतरेपर्यंत सांगून संपते. मुलगा किंवा मुलगी कंपनीच्या कामावर सहा महिन्यांच्या बोलीने जाते, सहा महिन्यांची सहा वर्षे होतात, नातवंड येते, आणि मग वांद्र्याच्या वकिलातीत मुलाखत देऊन, दहा वर्षांच्या मुदतीचा व्हिसा पदरात पाडून, सांडगे-पापडांसह आजी-आजोबा विमानात बसतात. त्यांच्या मुक्कामाचा कार्यक्रम बहुधा मुलानेच मुक्रर केलेला असतो, आणि मुलाची नोकरी जर फिनिक्स किंवा लॉस एंजेलिसकडील असेल, तर त्या कार्यक्रमात एक दिवस हटकून राखून ठेवलेला असतो: ॲरिझोनाच्या वाळवंटातील अँटिलोप कॅन्यन या घळीचा.

ही घळ न पाहिलेलाही मनुष्य तिला ओळखतो. नारिंगी, जांभळ्या, पिवळट रंगांच्या, लाटांसारख्या वळलेल्या भिंती आणि वरच्या फटीतून खाली उभा आलेला उन्हाचा खांब, हे चित्र कित्येकांच्या संगणकाच्या पडद्यावर वर्षानुवर्षे असते, आणि हिंजवडी-माणच्या कचेऱ्यांतून तर ते इतके सार्वत्रिक आहे की मूळ वस्तू पाहण्यापूर्वीच तिचा कंटाळा यावा. तेथे जाऊन आलेल्या आणि जाऊ घातलेल्या काही कुटुंबांशी या लेखाच्या निमित्ताने बोलणे झाले, तेव्हा तयारीच्या नावाखाली जे सांगण्यात आले त्यात बुटांची जात, तिकिटांची किंमत, दुपारच्या कोणत्या वेळेस प्रकाशाचा तो खांब दिसतो, जेवणाचे काय करावे, इत्यादी गोष्टींचा तपशील पुष्कळ होता. पावसाविषयी कोणीही आपण होऊन बोलले नाही. वाळवंटात जावयाचे, त्यात पावसाचा संबंध काय, असा तो सरळ हिशेब असावा. माझे म्हणणे एवढेच आहे की हा हिशेब उलटा आहे. त्या कोरड्या घळीची खरी तयारी ही पावसाची तयारी आहे, आणि तीही डोक्यावर पडणाऱ्या पावसाची नसून दूर कोठे तरी, आपल्या दृष्टीच्या पलीकडे पडणाऱ्या पावसाची आहे.

प्रथम ती जागा कशी घडली हे पाहू. सुमारे १८ ते १९ कोटी वर्षांपूर्वी त्या प्रदेशात वाळूच्या टेकड्यांचे अफाट वाळवंट होते. वाऱ्याने रचलेल्या त्या तिरप्या थरांचा कालांतराने वालुकाश्म झाला, लोहाच्या गंजाने त्याला तांबडा-नारिंगी रंग चढला, आणि भूशास्त्रज्ञांनी त्याला नवाहो सँडस्टोन असे नाव दिले. आपला सह्याद्री लाव्हारसाचा, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा, म्हणजे त्या मानाने तरुण, परंतु प्रकृतीने कितीतरी कठीण. वालुकाश्म बोटाने खरवडला तरी कण सुटतात, आणि अशा दगडातून वाळूने भरलेले पाणी जोराने गेले की तो कानशीने घासल्याप्रमाणे झिजतो. वर्षातून मोजक्या वेळा, मोजक्या घटका येणाऱ्या पुरांनी, ही घळ कोरली. भिंतींवरची जी वळणे पाहण्यासाठी जगभरचे लोक येतात, ती पाण्याच्या भोवऱ्यांची वळणे आहेत. घळीचे दोन भाग आहेत. वरचा भाग सुमारे २०० मीटर लांब. तो जमिनीच्या पातळीवर असून तळाशी रुंद व माथ्याला निरुंद आहे, त्यामुळे वृद्धांस सोयीचा आणि उन्हाच्या खांबासाठी प्रसिद्ध. खालचा भाग सुमारे ४०० मीटर लांब. तो माथ्याला रुंद व तळाशी इतका अरुंद की काही ठिकाणी पाऊल तिरके टाकावे लागते, आणि त्यात उतरण्यासाठी लोखंडी जिने आहेत. गुडघेदुखी असलेल्यांनी कोणता भाग निवडावा हे निराळे सांगावयास नकोच.

घळीजवळचे गाव म्हणजे पेज. हे गाव १९५७ साली वसले, आणि ते वसले धरणाच्या मजुरांसाठी. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी वॉशिंग्टनमध्ये बसून तारयंत्राची कळ दाबली आणि कोलोरॅडो नदीच्या काठी पहिला सुरुंग उडाला. त्यातून उभे राहिलेले ७१० फूट उंचीचे ग्लेन कॅन्यन धरण १९६३ साली पाणी अडवू लागले, आणि मागे जो जलाशय पसरला त्याला ज्या जॉन वेस्ली पॉवेलचे नाव दिले गेले, त्याच एकहाती गृहस्थाने—यादवी युद्धात शायलोच्या रणांगणावर त्याचा दुसरा हात गेला होता—१८६९ साली होड्यांतून ती नदी उतरून ग्लेन कॅन्यन हे नाव ठेवले होते. ज्याने दरीला नाव दिले त्याच्याच नावाच्या तलावात ती दरी बुडावी, यात सरकारी दप्तराला विसंगती वाटली नाही. पेज गाव ज्या पठारावर आहे ते तेथील मूळनिवासी नवाहो लोकांचे होते. युटामधील दुसऱ्या जमिनीच्या बदल्यात ते घेण्यात आले. मुळशीच्या वाचकाला ही कहाणी परकी वाटू नये. १९२१ साली रामनवमीच्या मुहूर्तावर ज्या खोऱ्यात सत्याग्रह सुरू झाला आणि ज्यातून पांडुरंग महादेव बापटांना सेनापती ही उपाधी मिळाली, त्या मुळशी खोऱ्यातील गावेही टाटांच्या धरणाखाली गेली आणि त्या धरणाचे पाणी आजही सह्याद्री ओलांडून कोकणात भिऱ्याच्या वीजगृहावर उतरते. पुढे सत्तर-ऐंशी वर्षांनी त्याच तालुक्याच्या पूर्व टोकाला माणच्या जमिनी गेल्या, त्यांवर कचेऱ्या आल्या, आणि त्या कचेऱ्यांतून निघालेली मुले आज पेजच्या धरणासमोर उभी राहून आपल्या मातापित्यांची छायाचित्रे काढतात. इतिहासाचे असे दुवे जुळले म्हणून त्यांतून काही सिद्धांत निघतोच असे नाही. परंतु मुळशीच्या माणसाने त्या जलाशयाकडे केवळ निळे पाणी म्हणून पाहू नये, एवढे वाटते.

आता त्या दिवसाकडे वळतो, ज्याच्या स्मृतीखातर तेथील सर्व शिरस्ता आज चालतो असे म्हटले तरी चालेल. १२ ऑगस्ट १९९७. खालच्या घळीत त्या दुपारी परदेशी प्रवाशांचे गट उतरले होते. त्यांत बहुसंख्य फ्रान्समधील होते. घळीवरचे आकाश भयावह नव्हते. तेथे पाऊस म्हणावा असा पाऊस झालाही नव्हता. पाऊस झाला तो कित्येक मैल वर, त्या ओढ्याच्या पाणलोटात, आणि वाळवंटी वादळाच्या रीतीप्रमाणे थोड्या वेळात पुष्कळ झाला. ते पाणी ओढ्याच्या कोरड्या पात्रातून धावत घळीच्या तोंडाशी आले, आणि आत जे होते त्यांना वर येण्यास अवधी मिळाला नाही. त्या काळी घळीत लाकडी शिड्या होत्या, त्याही वाहून गेल्या. अकरा प्रवासी मृत्यू पावले. आत सापडलेल्यांपैकी एकटा एक वाटाड्या, एका कपारीच्या आधाराने, जिवंत राहिला.

हे असे का घडते याचे गणित कठीण नाही, आणि ज्यांच्या घरी अभियंते आहेत त्यांनी तर ते मुलाकडून नकाशावर रेघा ओढून समजून घ्यावे. आपल्याकडे मृगाचा पहिला पाऊस जमिनीत जिरतो. नांगरट, गवत, पालापाचोळा, मुरूम यांनी त्याला आपापला वाटा घेतल्यावर उरलेले पाणी ओढ्यास मिळते. तेथे उघडा खडक आणि त्यावर माती पातळ, झाडोरा विरळ. पडलेले पाणी जवळजवळ सगळेच्या सगळे उताराला लागते. शंभर फूट रुंद पात्रातून गुडघाभर पाणी आले तर काठावरचा मनुष्य ते कौतुकाने पाहील, परंतु तेच पाणी तितक्याच वेळात तीन-चार फूट रुंदीच्या फटीत शिरावयाचे म्हटले की त्याला एकतर वेग वाढवावा लागतो किंवा उंची, आणि प्रत्यक्षात ते दोन्ही वाढवते. शिवाय ते निव्वळ पाणी नसते. वाळू, दगड आणि वाटेत सापडलेली लाकडे त्यात असतात. पोहता येणे न येणे येथे गौण ठरते.

पेजला वर्षभरात पडणारा पाऊस सहा-सात इंच, म्हणजे १७० मिलिमीटरच्या आसपास. याउलट आमच्या मुळशीच्या पश्चिम कडेला ताम्हिणीत २५ जुलै २०२४ रोजी सकाळी संपलेल्या चोवीस तासांत ५५६ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. तेथील तीन वर्षांचा पाऊस येथे एका दिवसात पडला, असा याचा अर्थ. तेव्हा असल्या मुलखातून आलेल्या माणसास पेजच्या पावसाची भीती ती काय, असे वाटणे स्वाभाविक आहे, आणि नेमक्या याच स्वाभाविक वाटण्यात धोका आहे. आपण पाऊस ओळखतो तो अंधारून येण्याने, वाऱ्याच्या पालटाने, मातीच्या वासाने; चार महिने तो आपल्या अंगावर असतो. तेथील अधिकृत पावसाळा १५ जून ते ३० सप्टेंबर असा धरतात, आणि त्यात दुपारनंतर एखादा ढग क्षितिजाच्या एका कोपऱ्यात उभा राहतो, तेवढ्याच कोपऱ्यात कोसळतो आणि विरून जातो. जेथे आपण उभे आहोत तेथे ऊन असते. आपले आजी-आजोबा साधारणतः याच महिन्यांत अमेरिकेत असतात, कारण नातवंडांची उन्हाळी सुटी तेव्हाच असते. म्हणजे आपला पावसाळा मागे टाकून ते त्यांच्या पावसाळ्यात उतरतात, आणि हे बहुतेकांच्या गावीही नसते.

घळ १९९७ सालापासून नवाहो राष्ट्राच्या अधिकृत उद्यानांत गणली जाते आणि परवान्यावाचून तीत प्रवेश नाही. नवाहो राष्ट्र म्हणजे अमेरिकेच्या पोटातील एक स्वतंत्र व्यवस्था: स्वतःचे कायदे, स्वतःचे पोलीस, विंडो रॉक येथे राजधानी, आणि ॲरिझोना, युटा व न्यू मेक्सिको या तीन राज्यांत पसरलेला सुमारे ७०,००० चौरस किलोमीटरांचा मुलूख. १८६४ साली अमेरिकन लष्कराने या लोकांना त्यांच्या भूमीतून शेकडो मैल पायी हाकलत नेले आणि १८६८ च्या तहाने ते परतले. आज त्यांच्या अनुज्ञेवाचून आणि त्यांच्या वाटाड्यावाचून कोणीही त्या घळीत पाऊल ठेवू शकत नाही. म्हणून तिकिटाच्या रकमेत दोन बाबी असतात, एक सफर चालवणाऱ्या संस्थेचे भाडे आणि दुसरी नवाहो राष्ट्राचे परवानाशुल्क; शिवाय वाटाड्यास बक्षिसी द्यावयाची ती निराळी, आणि अमेरिकन रिवाजाप्रमाणे ती भाड्याच्या पंधरा-वीस टक्के असते. मराठी मनुष्य या तिसऱ्या रकमेशी मनातल्या मनात बरीच झटापट करतो. त्याने ती करू नये. वाटाड्या भिंतीतला अस्वलाचा आकार दाखवतो, छायाचित्र कोणत्या कोनातून घ्यावे ते सांगतो, ही त्याची वरवरची कामगिरी झाली. त्याची खरी कामगिरी आकाशवाणीवरील हवामानाच्या वार्तेकडे कान ठेवणे, वरच्या पाणलोटात ढग उठला आहे का याची खातरजमा करीत राहणे आणि जरूर पडल्यास सर्वांना ताबडतोब बाहेर काढणे ही आहे, आणि आपण पैसे मोजतो ते त्यासाठी.

घड्याळाची बाब तापदायक आहे. ॲरिझोना राज्य उन्हाळ्यात घड्याळे पुढे करीत नाही. नवाहो राष्ट्र करते. शेजारचे युटाही करते. घळ नवाहो भूमीवर असली तरी तेथील सफरी पेजच्या, म्हणजे ॲरिझोनाच्या, वेळेवर चालतात. आता खिशातला फोन युटाच्या किंवा नवाहो भूमीतल्या मनोऱ्याशी संधान बांधतो आणि गुपचूप एक तास पुढे जातो, आणि कुटुंबातील चार फोनांवर दोन निरनिराळ्या वेळा दिसू लागल्यावर गाडीत जो संवाद होतो तो ऐकण्यासारखा असतो. यावर तोड अशी की आजोबांनी मनगटावर साधे घड्याळ बांधावे. ॲरिझोनाची वेळ वर्षभर आपल्या वेळेच्या साडेबारा तास मागे असते. माणमध्ये रात्री साडेबारा वाजले की पेजमध्ये आदल्या दिवसाची दुपार होते, आणि हे समीकरण ऋतूप्रमाणे बदलत नाही. फिनिक्सहून पेजचे अंतर सुमारे ४५० किलोमीटर, फ्लॅगस्टाफच्या सात हजार फुटांच्या थंड चढावरून जाणारे. साडेचार तास जाणे, साडेचार तास येणे. मार्गदर्शकासह एका दिवसात नेऊन आणणाऱ्या गाड्या फिनिक्स, सेडोना व लास व्हेगसहून निघतात आणि त्या पहाटेच निघतात. मधुमेहाच्या गोळ्यांच्या वेळा, न्याहारी, वाटेतील थांबे यांचा बंदोबस्त आदल्या रात्रीच करून ठेवावा, कारण घळीत शौचालय नाही आणि आत शिरल्यावर मध्येच परतण्याची सोयही नाही.

शरीराविषयी थोडे. कोकणच्या किंवा पुण्याच्या घामाची सवय झालेल्या माणसास तेथे घाम येतच नाही असे वाटते. तो येतो, पण येताक्षणी वाळतो, आणि तहान लागली हे समजेपर्यंत ओठ फुटलेले व डोके धरलेले असते. म्हणून तहानेची वाट न पाहता घोटघोट पाणी प्यावे, आणि नुसत्या पाण्यावर न राहता मीठही पोटात जाऊ द्यावे. येथे आपली शिदोरी उपयोगी पडते. दशमी, लसणाची चटणी, खारे दाणे, आवळकाठी, कोकमाचे आगळ घातलेले पाणी यांनी जे साधते ते तिकडच्या रंगीत बाटल्यांनी साधेलच असे नाही. फक्त हे सारे गाडीतच ठेवावयाचे. घळीत पिशवी, पाठपिशवी, बटवा नेण्यास मनाई आहे. पाण्याची बाटली, फोन किंवा कॅमेरा आणि गोळ्या, एवढ्यावर भागवावे लागते. पायांत चप्पल नको, बंद बूट हवेत, कारण तळाशी मऊ वाळू असून तीत पाऊल रुतते. जिन्यांवर नऊवारी चालेल, परंतु पाचवारीचा घोळ सांभाळणे जड जाईल. पंजाबी पोशाख सर्वांत उत्तम, आणि हे मत माझे नसून तेथे जाऊन आलेल्या एका आजींचे आहे. वाऱ्याबरोबर माथ्यावरची वाळू सारखी खाली झिरपत असते आणि डोळ्यांत, कानांत, दातांत जाते. त्यासाठी परदेशी लोक नाना तऱ्हेच्या पट्ट्या विकत घेतात. पुण्याच्या मुली दुचाकीवर डोळ्यांपुरती फट ठेवून तोंडाला जो ओढणीचा फेटा बांधतात, तो बांधता येणाऱ्या सुनेला तेथे काहीही विकत घ्यावे लागत नाही.

छायाचित्रांच्या मोहाविषयी न लिहिलेले बरे, तरी लिहितो. उन्हाचा खांब वरच्या घळीत साधारणतः मार्चअखेर ते ऑक्टोबरच्या आरंभापर्यंत, माध्यान्हीच्या सुमारास दिसतो, आणि त्या वेळेची तिकिटे महिनोन् महिने आधी संपतात. पीटर लिक नावाच्या ऑस्ट्रेलियन छायाचित्रकाराने याच घळीत घेतलेले एक कृष्णधवल चित्र २०१४ साली ६५ लाख डॉलरना विकले गेल्याचे त्याच्याच संस्थेने जाहीर केले, तेव्हापासून तर प्रत्येकास आपला फोन म्हणजे टांकसाळ वाटू लागला. तिवई आणि सेल्फीच्या काठीला तेथे बंदी आहे, आणि एका गटामागे दुसरा गट येत असल्याने मनासारखे रेंगाळताही येत नाही. जो उन्हाच्या खांबावाचून घळ पाहण्यास तयार असेल त्याने सकाळची वेळ घ्यावी: गर्दी कमी, पैसे कमी, आणि पावसाळी महिन्यांत दुपारच्या ढगांपासून अंतर अधिक. मला तरी हा सौदा फायद्याचा दिसतो.

जाण्यापूर्वी घरच्या घरी एक तालीम करावी असे मी सुचवीन, आणि तिची जागा पेजइतकी दूर नाही. माणहून शिक्रापूर-शिरूरच्या रस्त्याने निघाले की पर्जन्यछायेचा उजाड मुलूख लागतो, आणि शिरूर तालुक्यातील टाकळी हाजी व पारनेर तालुक्यातील निघोज यांच्यामध्ये कुकडी नदीने आपल्या काळ्या कातळात जे खोदकाम करून ठेवले आहे ते पाहून वालुकाश्माचा अभिमान थोडा उतरतो. पाण्याच्या भोवऱ्यात सापडलेला गोटा गरगर फिरत राहतो, खळगा पाडतो, स्वतः झिजून नाहीसा होतो. दुसरा गोटा येतो. आणि असे होत होत कातळात रांजणाएवढे, काही ठिकाणी विहिरीएवढे कुंड तयार होतात. काठी मळगंगा देवीचे देऊळ आहे, पलीकडे जाण्यास झुलता पूल आहे. रांजणखळग्यांच्या कडा गुळगुळीत आहेत आणि खोलीचा अंदाज येत नाही. उन्हाळ्यात पात्र कोरडे दिसते तेव्हा लोक निर्धास्तपणे खाली उतरतात, परंतु ही नदी आता धरणांची नदी आहे; वरून पाणी सोडले की ते येते, त्यासाठी आकाशात ढग असण्याचे कारण नाही. म्हणून खाली उतरण्यापूर्वी देवळापाशी बसलेल्या कोणासही, काका, पाणी सोडणार आहेत का, एवढे विचारावे. हा प्रश्न विचारण्याची सवय लागली की तालीम झाली.

ज्यांचे गुडघे धड आहेत त्यांना सांदण आहे. अकोले तालुक्यात रतनगडाच्या पायथ्याशी साम्रद नावाचे गाव आहे आणि गावाबाहेर जमीन अचानक दुभंगून जी घळ सुरू होते, तीत दुपारच्या थोड्या घटका सोडल्या तर ऊन पोहोचत नाही. वाटेत कमरेपर्यंत भिजवणारे पाण्याचे डोह, मग मोठमोठ्या शिळांचा खच, आणि शेवटी कोकणाच्या बाजूला कोसळणारे कडे. साम्रदचे रहिवासी बहुतांशी महादेव कोळी. तेथील तरुण वाटाडे म्हणून पुढे चालतात, आणि घरोघरी पिठले-भाकरीची सोय होते. एका दिवसात माणहून जाऊन येणे दगदगीचे होईल; मुक्काम करावा. पावसाळ्यात तेथे उतरणे म्हणजे आत्मघात. अँटिलोपची घळ पाहून आलेल्या एका तरुण अभियंत्याने मला सांगितले की सांदण त्याने नंतर पाहिली आणि तीच त्याला अधिक भव्य वाटली. मुलाच्या या मतावर वडिलांचे म्हणणे असे पडले की मग आमचे इतके डॉलर कशाला खर्च केलेस.

आपल्याकडे लांबच्या पावसाने माणसे दगावत नाहीत असे कोणी समजू नये. ३० जून २०२४ रोजी, रविवारी, लोणावळ्यास भुशी धरणाच्या मागील धबधब्यात पुण्याच्या हडपसर भागातील एका कुटुंबातील पाच जण वाहून गेले. ती माणसे प्रवाहाच्या मधोमध एकमेकांना धरून उभी असल्याचे चित्रफितीतून साऱ्या देशाने पाहिले. काठ काही पावलांवर होता. वर डोंगरात पाऊस वाढला, प्रवाह फुगला, आणि तेथून हलण्यास वाव राहिला नाही. त्यानंतर जिल्हाधिकाऱ्यांनी मावळ-मुळशीसह अनेक तालुक्यांतील स्थळांवर मनाईहुकूम जारी केले. आता दरसाल पावसाळ्यात असे हुकूम निघतात, रस्त्यावर पोलीस उभे राहतात, आणि ताम्हिणीच्या वळणांवर मोटारींची रांग तरीही लागते. राज्य शासनाने साहसी पर्यटनाचे धोरण २०२१ साली केले, त्यात नोंदणी, प्रशिक्षण इत्यादी कलमे आहेत. माझ्या मते उणीव कलमांची नाही. नवाहोंनी जागा बंद केली नाही. त्यांनी ती त्याच मातीतल्या माणसाच्या स्वाधीन केली आणि त्याच्या शब्दावाचून कोणास आत जाता येणार नाही असे ठरवले, त्यामुळे जागेचे ज्ञान, जागेचे उत्पन्न आणि जागेची जबाबदारी ही तिन्ही एका हाती आली. आम्ही जागा एक महिना सर्वांना बंद करतो आणि अकरा महिने सर्वांना मोकळी सोडतो. ताम्हिणीच्या परिसरातील गावकऱ्यास कोणता ओढा किती घटकांत चढतो हे ठाऊक असते. परंतु त्याने हटकले तर शहरातून आलेला मनुष्य त्याला, तू कोण सांगणार, असे विचारतो, आणि त्या प्रश्नास देण्याजोगा दाखला आजमितीस त्याच्यापाशी नाही. साम्रदमध्ये रूढीनेच थोडीफार अशी व्यवस्था उभी राहिली आहे. ती मुळशीत, मावळात कायद्याने का उभी राहू नये, हे मला समजलेले नाही.

पेजच्या सहलीची एक तयारी मात्र, माझ्या चौकशीप्रमाणे, जवळजवळ कोणीच करीत नाही, आणि ती म्हणजे सफर रद्द होण्याची. चार महिने आधी तिकीट काढलेले, पहाटे तीनला उठून साडेचार तास गाडीत बसलेले, आणि तेथे पोहोचल्यावर कार्यालयातील मुलगी शांतपणे सांगते की वर वादळ आहे, आज घळ बंद. डोक्यावर लख्ख ऊन असते. अशा वेळी आजोबा सूर्याकडे बोट दाखवून हुज्जत घालतात, मुलगा फोनवर हवामानाचा नकाशा उघडून दाखवतो, सून गप्प बसते. हुज्जतीचा उपयोग नाही आणि नसावाही. ज्याच्या नकाराला किंमत नाही त्याच्या होकारावर आत उतरण्यात अर्थ नाही. पैसे परत मिळण्याचे नियम प्रत्येक संस्थेचे निराळे असतात, ते तिकीट काढतानाच वाचून ठेवावेत. आणि शक्य असेल तर एका दिवसाचा हट्ट सोडून पेजमध्ये एक रात्र मुक्काम करावा, दुसऱ्या दिवशीची सकाळ मोकळी ठेवावी. घळ बंद असलेल्या दिवशी करण्यासारखे तेथे पुष्कळ आहे: गावाबाहेर, वाहनतळापासून जाऊन-येऊन दीड मैलाच्या चालण्यावर हॉर्सशू बेंड आहे, जेथे कोलोरॅडो नदी हजार फूट खाली घोड्याच्या नालासारखी वळते; कठड्याजवळच उभे राहावे आणि नातवाचा हात धरावा. धरणाशेजारी त्याच्या बांधकामाचे प्रदर्शन आहे. तेथे मुळशीकरांनी तासभर अवश्य घालवावा, पाण्याची पातळी किती उतरली आहे ते भिंतीवरच्या पांढऱ्या पट्ट्यावरून पाहावे, आणि संध्याकाळी दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या पहिल्या गटात जागा आहे का ते विचारण्यास पुन्हा त्याच कार्यालयात जावे. सकाळच्या गटात बहुधा जागा सापडते.